आईच्या नावापुढची नोंद

शोरूममधून फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. पलीकडचा माणूस गाडीच्या कर्जाचं काम पाहणारा होता. त्यानं आधी माझं नाव विचारलं, मग आईशी माझं नातं विचारलं.

"मॅडम, बुरा मत मानना," तो शेवटी म्हणाला, "पण तुमच्या आई आहेत ना?"

"घरी आहे. का?"

"नाही, म्हणजे, हयात आहेत ना?"

मी डब्याचं झाकण परत लावलं. सकाळीच आईनं मला फोन करून, मेथी निवडायला वेळ नसतो तर घेतेस कशाला, म्हणून ऐकवलं होतं. तसं मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

"मला माहीत आहे मॅडम. परवा त्या स्वतः आल्या होत्या. मीच चहा मागवला त्यांच्यासाठी. पण कर्जासाठी क्रेडिट रिपोर्ट काढला तर त्यात त्यांच्या नावापुढे 'मृत' लिहून येऊन राहिलं. कर्ज नामंजूर झालं. आता हे त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून तुम्हाला लावला."

आईला कर्ज हवं होतं ते बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरसाठी. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाबा गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात विक्रीचं काम करायचे. आईची ड्यूटी सकाळची असो, दुपारची असो की रात्रीची, तिला सोडायला आणि आणायला बाबाच जायचे. दुकानाच्या मालकालाही ते ठाऊक होतं, संध्याकाळी अर्ध्या तासासाठी ते उठून गेले तर तो काही म्हणायचा नाही. आई जन्मभर मागच्या सीटवर बसली. बाबा गेले, आई निवृत्त झाली, आणि मग बाजारात जायचं असो की कुणाकडे हळदी-कुंकवाला, शेअर ऑटोत कोंबून घेणं तिच्या गुडघ्यांना झेपेना.

एके दिवशी तिनं माझी जुनी गाडी मागितली. मला वाटलं, तिच्या भाच्याला हवी असेल. तर ती स्वतःच हुडकेश्वरच्या घराजवळच्या मोकळ्या मैदानात, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या कडेकडेनं, ती चालवायला शिकत होती. एकदा पडलीसुद्धा. कोपर सोलवटलं, त्याला तिनंच पट्टी बांधली आणि मला सांगितलं नाही. रविवारी मी गेले तेव्हा पट्टी दिसली.

"काय झालं?"

"काही नाई. गिट्टी होती, चाक घसरलं," ती म्हणाली. जसं काही पडण्यात तिचा काहीच भाग नव्हता.

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी म्हटलं, पैसे मी देते. तिनं साफ नाही म्हटलं. "घराचा हप्ता भरला, आता गाडीचा भरते. माह्या पेन्शनीतून." मग थोडं थांबून म्हणाली, "हप्ता असला तं महिन्याले काहीतरी करा लागते माणसाले."

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सरळ तिच्याकडे गेले. रस्ताभर मनात जुळवत होते, कसं सांगायचं. कुणाला, तू कागदोपत्री मेलीस, हे सांगायची काही रीत नसते. आई पोर्चमध्ये खुर्चीवर बसून वाल सोलत होती. मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं.

तिनं शेंग हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग हसली, आणि हसताना तोंडावर पदर धरला.

"मी? मी मेली?"

"रिपोर्टात."

"कशानं?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग अपुरी नोंद आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

चहा झाल्यावर आम्ही तो रिपोर्ट मोबाइलवर काढला. त्यासाठी तिचा पॅन कार्डाचा नंबर, तिची जन्मतारीख, आणि तिच्या फोनवर आलेला आकडा लागला. तो आकडा तिनं चष्मा लावून एकेक करून वाचला. म्हणजे ती जिवंत आहे हे त्या कंपनीला त्याच वेळी कळायला हरकत नव्हती. रिपोर्ट उघडला. आधी तिचं नाव. मग पत्ते, महाल भागातल्या भाड्याच्या खोल्यांचा आणि मग या घराचा. मग फोन नंबर. दोन नंबर होते. एक तिचा. दुसऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"हा त्याईचा."

बाबांचा नंबर. घराचं कर्ज काढताना त्यांनीच सगळीकडे आपला नंबर दिला होता, बँकेचे फोन तिला ड्यूटीवर नकोत म्हणून. ते गेल्यावर आम्ही तो बंद केला.

"आता तो दुसऱ्याले देला असन," आई म्हणाली. "मी लावून नाई पाह्यला कधी."

खाली घराच्या कर्जाची ओळ होती. कर्ज दोघांच्या नावावर होतं, मुख्य कर्जदार आई, कारण सरकारी पगार तिचा, बाबा सहकर्जदार. थोडे हप्ते उरले असताना बाबा गेले. आईनं निवृत्तीच्या पैशातून उरलेलं कर्ज एकदम फेडलं आणि बँकेत बाबांचा मृत्यूचा दाखला दिला. तिथे कुणीतरी तो दाखला घेऊन नोंद केली, आणि ती चुकीच्या नावापुढे केली. त्यानंतर आईनं कधी कर्ज मागितलंच नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एवढंच झालं होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता.

"मंग हे जिवंत आहेत?" आईनं विचारलं.

"या कागदाप्रमाणे हो."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं," ती म्हणाली. आणि उठून आत गेली, कुकर लावायला.

रिपोर्टाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चूक कळवायची सोय होती. मी तिथे तक्रार टाकली. कोणती नोंद चुकली, बरोबर काय, सगळं लिहिलं. तक्रार बँकेकडे जाणार, बँक तपासणार, आणि महिनाभरात उत्तर येणार असा निरोप आला. मला वाटलं, काम झालं. गाडीवाल्याला मी सांगून टाकलं, तिनं पसंत केलेल्या रंगाची गाडी बाजूला काढून ठेवा.

उत्तर दिवाळीनंतर आलं. बँकेनं आपली माहिती तपासली आहे, ती बरोबर आहे, त्यामुळे रिपोर्टात कोणताही बदल केलेला नाही.

मी ते आईला वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यासारखी हसली नाही. पहिल्या वेळी ती चूक होती. आता कुणीतरी तपासून, पाहून, ती मेल्याचं पक्कं केलं होतं.

"पाह्यलं म्हणतेत?" तिनं विचारलं.

"तसंच लिहिलंय."

"कोठी पाह्यलं? माह्याकडे तं कोणी आलं नाई."

त्या रविवारी मी तिच्याकडेच जेवले. जेवण झाल्यावर आम्ही पोर्चमध्ये उन्हात बसलो. थंडी नुकती पडायला लागली होती, संत्री आली होती. आईनं टोपलीतून दोन-तीन काढली आणि एक माझ्याकडे सरकवलं. बराच वेळ आम्ही सोलत होतो. मग ती अचानक म्हणाली,

"समज, मीच गेली असती. अन् हे राह्यले असते. काय केलं असतं त्याईनं?"

मी सोलायची थांबले. पण तिचा चेहरा दुःखी नव्हता. ती खरंच विचार करत होती, ड्यूटी लावताना करायची तसा.

"सकाळी चहा कोण करणार होतं?" मी म्हटलं.

"तेच तं. त्याईले गॅस पेटवता येत होता, पण बंद करा लागते हे ध्यानात नाई राहत होतं. म्हणजे टपरीवर जाणं आलं. तिथं तर्री-पोहे. रोज तर्री-पोहे. मंग ॲसिडिटी."

"मग मला फोन."

"तुले तं रोज संध्याकाळी फोन. भातात पाणी किती टाकू. तू सांगणार, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"मी त्यांना माझ्याकडे आणलं असतं."

"राह्यले नसते. चार दिवस राहून भांडले असते जावयासोबत, पंखा काहून बंद करता म्हणून." ती हसली. "दुकानात मात्र रोज गेले असते. पाय दुखो की काही होवो. घरी बसून काय करतील? भिंती पाहतील? माहे लुगडे कपाटात तसेच ठेवले असते. धूळ बसली असती."

मी म्हणाले, दवाखान्याच्या फाटकापाशीही गेले असते ते कधीतरी, सवयीनं, तुझी सुट्टी व्हायच्या वेळेला. बोलल्यावर मला वाटलं, बोलायला नको होतं. पण आई मान हलवत होती.

"गेले असते," ती म्हणाली. "चौकीदाराजवळ उभे राह्यले असते. अन् त्याले सांगतलं नसतं काहून आलो ते."

तिच्या हातातलं संत्रं पूर्ण सोललं गेलं होतं, तरी ती त्याच्या फोडींवरचे पांढरे धागे एकेक काढत होती. बाबांना ते धागे आवडायचे नाहीत. तिला स्वतःला चालायचे.

"मी मागं राह्यली हे बरं झालं," ती म्हणाली. "त्याईचे हाल झाले असते वं."

बाबा गेल्यापासून दोन वर्षं आईला मी काय काय म्हणाले होते. की तू खंबीर आहेस, की आम्ही आहोत, की काळ सगळं शिकवतो. त्यातलं काहीही तिच्या कामाचं नव्हतं. तिनं स्वतःसाठी स्वतःच काहीतरी शोधून काढलं होतं, आणि ते असं होतं की हे दुःख तिनं त्यांच्या वाट्याचं उचललं. मी तिच्या हातातून संत्र्याची फोड घेऊन खाल्ली. ऊन आमच्या पायांवरून भिंतीकडे सरकलं तसं तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"उद्या बँकेत जाऊ," ती म्हणाली. "तोंड दाखवून येते."

बँकेत नोव्हेंबरातली गर्दी होती. हा पेन्शनवाल्यांचा महिना. दरवर्षी या महिन्यात प्रत्येक पेन्शनवाल्यानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. भिंतीला लागून बाकांवर सगळे वाट पाहत बसले होते, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानाला मफलर. आईची निम्म्या लोकांशी ओळख निघाली. कुणाच्या सुनेचं बाळंतपण तिच्या वॉर्डात झालेलं, कुणाचा टायफॉइड. तिनं स्वतःचा दाखला याच शाखेत आठवड्यापूर्वी दिला होता. त्या खिडकीवर ती जिवंत होती, आणि दोन टेबलं सोडून कर्जाच्या विभागात मेलेली.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी बाई होती, रायपूरकडची, हिंदी बोलणारी. तिनं कर्जाचा नंबर टाकला, स्क्रीन पाहिली आणि मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाली,

"खातेदार एक्सपायर हो चुके हैं ना? तो एप्लिकेशन वारिस की तरफ से लगेगी. आप बेटी हैं?"

"हाव, वारस हेच आहे," आई म्हणाली. "पण मी अजून आहे."

त्या बाईनं आईकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग आईच्या आधार कार्डावरच्या फोटोकडे. तिचे कान लाल झाले. तिनं उठून आईला खुर्ची पुढे करून दिली, पाणी मागवलं आणि दोनदा सॉरी म्हटलं. मग तिनं अडचण सांगितली. कर्ज बंद झालेलं, जुनी बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, जुन्या फाइली गोदामात. तक्रार आली तेव्हा कुणीतरी कॉम्प्युटरवरची नोंद कॉम्प्युटरवरच पाहिली आणि 'बरोबर' म्हणून पाठवून दिलं. आता दुरुस्ती वरच्या कार्यालयातून करावी लागेल, थोडा वेळ जाईल.

"किती?" मी विचारलं.

"देखते हैं. वहाँ बहुत पेंडिंग है."

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ती त्या बाईशी बोलायला लागली, सावकाश, तिच्या त्या अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदीत.

"बेटा, मैं नर्स थी. एकदा काय झालं, आमच्या वॉर्डात दोन पेशंट बाजूबाजूला. एकाच आडनावाचे. त्यातला एक सकाळी गेला. वॉर्डातल्या शिपाईमामांनी बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितलं, अन् चुकीच्या लोकाईले सांगितलं. ती बाई तिथंच खाली बसली. बांगड्या फोडाले हात उचलला तिनं. तिचा आवाज आत आला तसं मले समजलं. तेव्हा मी दौड़ी बेटा. पूरा कॉरिडोर. पायातली चप्पल राहून गेली. तिचा हात धरला अन् सांगितलं, तुझा आहे, तुझा आहे." आई थांबली. "नंतर मले दुसऱ्या लोकाईले जाऊन सांगा लागलं. ते तं अजूनच कठीण. पण तेवढ्या वेळात तिच्या बांगड्या वाचल्या ना."

आईनं कसलीही मागणी केली नाही, फक्त पाण्याचा ग्लास उचलून घोटभर पाणी प्यायली. मला वाटतं, ती त्या बाईला काही शिकवत नव्हती. तिला तो कॉरिडॉर आठवला आणि तिनं सांगितला.

त्या बाईनं फोन उचलला. वरच्या कार्यालयात कुणाला तरी लावला, तो दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्यानं थांबवून ठेवलं. रिसिव्हर कानाला लावून ती मागच्या गर्दीकडे पाहत राहिली, पण तिनं ठेवला नाही. शेवटी कुणीतरी भेटलं. तिनं नंबर सांगितला, परत सांगितला, मग म्हणाली, "नहीं सर, वो मेरे सामने बैठी हैं." फोन ठेवून तिनं आम्हाला काय काय आणायचं ते सांगितलं. आईचा सहीचा अर्ज. आईचं ओळखपत्र. आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला, पुन्हा एकदा.

उठताना आईनं विचारलं, "त्याईच्या नावापुढे काय आहे तिथं?"

बाईनं स्क्रीन थोडी वळवली. "सर का तो सब क्लियर है, आंटी. सब रेगुलर. एक भी किस्त लेट नहीं."

"नाई होऊ देली," आई म्हणाली. "सेठकडून उचल घेऊन भरत, पण तारखेले भरत."

घरी आल्यावर मी म्हटलं, मी अर्ज टाइप करून आणते, तू सही कर. तिला ते नको होतं. तिनं रेघांचा कागद घेतला, खाली जुनं मासिक ठेवलं, आणि तिच्या त्या उभ्या, वॉर्डातल्या अक्षरात लिहायला बसली. प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय. पहिलं वाक्य भराभर झालं: मी या कर्जाची मुख्य कर्जदार असून हयात आहे. मग पेन थांबलं.

जन्मभर तिनं मृत्यूच्या नोंदी केल्या होत्या. केस पेपरवर, रजिस्टरमध्ये, तारीख आणि वेळ घालून. पण बाबांच्या वेळी सगळं इतरांनी लिहिलं. डॉक्टरांनी, महापालिकेतल्या माणसानं, माझ्या नवऱ्यानं. तिनं फक्त जिथे सांगितलं तिथे सही केली होती. स्वतःच्या हातानं ते तिनं कधी लिहिलंच नव्हतं, हे त्या दुपारी मला कळलं, आणि तिलाही बहुतेक तेव्हाच.

"स्वर्गवासी लिहू का निधन?" तिनं विचारलं.

"तुला बरं वाटेल ते."

"स्वर्गवासी म्हटलं तं त्याईले हसू आलं असतं." ती पुन्हा कागदाकडे वळली. मी उगीचच उठून दाराशी गेले, तिला एकटीला लिहू द्यावं म्हणून. परत आले तेव्हा वाक्य पूर्ण झालं होतं. माझे पती व सहकर्जदार यांचे माझ्या आधी निधन झाले आहे.

'माझ्या आधी'ची अर्जात काही गरज नव्हती. मी ते खोडायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद देऊन आलो. त्या बाईनं अर्ज पूर्ण वाचला. तिला मराठी वाचायला वेळ लागत होता, तरी वाचला, आणि आईच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. त्यानंतर तिचे मला दोनदा फोन आले. एकदा दाखल्याची प्रत पुसट आहे म्हणून, आणि एकदा काहीच काम नसताना, वरून होकार आला आहे एवढं कळवायला. रिपोर्टाच्या कंपनीकडे मी पुन्हा तक्रार टाकली, या वेळी शिक्क्याची प्रत जोडून.

संक्रांतीच्या सुमाराला मेल आली. नोंद दुरुस्त केली आहे. मी संध्याकाळी आईकडे गेले, आणि आम्ही रिपोर्ट पुन्हा उघडला. आकडा पुन्हा तिच्या फोनवर आला, तिनं तो वाचला, पान उघडलं. तिच्या नावापुढचं ते गेलं होतं. कर्जाच्या ओळीत आता सहकर्जदाराच्या पुढे बदल झाला होता. तिनं तो वाचला. बोट तिथेच थोडा वेळ राहिलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला वॉर्ड सोपवावा तशा आवाजात.

मग ती तिळाचे लाडू आणायला स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून डब्याचा आवाज आला नाही. मी गेले नाही. जरा वेळानं ती आली, तोंड धुतलेलं होतं, हातात ताटली होती, आणि म्हणाली, "यंदा गूळ जरा कडक झाला. दातानं तोडू नको, हातानं तोड."

कर्ज आठवड्याभरात मंजूर झालं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा तो कर्जवाला आमच्याजवळ यायला बिचकत होता. आईनंच त्याला बोलावलं.

"इकडं ये गा. पाह्य, चालत आली आहे."

तो ओशाळून हसला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. आईनं दोन उचलले, एक त्याच्याच हातावर ठेवला. सह्यांचे कागद बरेच होते. प्रत्येक ठिकाणी तिनं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि सही करण्याआधी वरचं सगळं वाचलं, त्यामुळे आम्हाला दुपार झाली. गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मी म्हटलं, घरापर्यंत मी चालवते, तू मागे बस.

"नाई," ती म्हणाली. "तू मागं बस."

मी बसले. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नलला ती इतकी दूर थांबली की मागचे हॉर्न वाजवत राहिले. तिनं मान वळवली नाही. माझे दोन्ही हात तिच्या कमरेला होते. लहानपणी बाबांच्या गाडीवर मी पुढे उभी असायचे आणि ती मागे, त्यामुळे तिची पाठ अशी जवळून मी कधी पाहिली नव्हती. स्वेटरच्या गळ्यापाशी एक टाका उसवला होता.

परवाच्या गुरुवारी दुपारी मी तिला फोन केला, तर उचलला नाही. अर्ध्या तासानं परत केला, नाही. मग शेजारच्या काकूंना लावला. त्या म्हणाल्या, गाडी दारात नाही. मी तास घेत होते, पण फळ्यावर काय लिहिलं ते मुलांनाच विचारा. तास संपताच मी बाहेर व्हरांड्यात आले आणि सारखी लावत राहिले.

शेवटी तिचाच आला. मागे गाड्यांचा आवाज होता आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"काहून एवढे फोन करून राहिली?" ती म्हणाली. "कामठीले आली होती. आमच्या जुन्या मेट्रनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिची पट्टी पाहाले. गाडी चालवता चालवता फोन कसा उचलू मी?"

"कामठीपर्यंत? एकटी?"

"एकटी कायची. मोठ्ठा रस्ता आहे, लोकं आहेत." मग तिचा आवाज जरा खाली आला. "घाबरली होती का?"

मी म्हटलं, नाही.

"जेवली?"

"नाही अजून."

"मंग जेव," आई म्हणाली. "मी घरी पोचली की मिस कॉल देते."